परीक्षेतला प्रश्न घरातही सोडवा

‘खालीलपैकी कोणतं विधान वरील युक्तिवाद कमकुवत करतं?’ राज्यसेवा, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा, कॅट, क्लॅट, कुठेही जा, हा प्रश्न वेगवेगळ्या वेशात भेटतोच. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मी हा भाग शिकवते. बहुतेकांना तो नकोसा असतो. यूपीएससीत २०१५ पासून सीसॅटचा पेपर पात्रतेपुरता राहिला. ३३ टक्के मिळाले की सुटलो, असा हिशोब. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुस्लिम तरुणांनी या सगळ्या अभ्यासातला एकच धडा मन लावून शिकायचा असेल, तर तो हा. कारण आपल्याविषयी रोज दलिली केल्या जातात, आपणही रोज करतो, आणि दोन्हीकडच्या कच्च्या दलिलींची किंमत शेवटी आपणच मोजतो.

आधी मूळ गोष्ट. प्रत्येक दलिलीत एक आधार असतो आणि एक निष्कर्ष. त्या दोघांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा बोललाच जात नाही. तो गृहीत धरलेला असतो. दलील कमकुवत करायची म्हणजे बोलणाऱ्याला गप्प करायचं नाही, तर हा दुवा शोधून ढिला करायचा.

तुमच्या ओळखीचीच दलील घेऊ : ‘मुसलमानांना चार बायका करता येतात, म्हणून त्यांची लोकसंख्या झपाट्याने वाढते.’ ही दलील सर्वांत जास्त कमकुवत करणारं विधान कोणतं?

अ) इतर धर्मीयांतही दुसरी बायको करणारे पुरुष आहेत.
ब) असं बोलणारे लोक द्वेष पसरवतात.
क) एका पुरुषाने दोन लग्नं केली, तरी समाजातल्या स्त्रियांची संख्या वाढत नाही, आणि मुलांना जन्म स्त्रियाच देतात.
ड) इस्लामने एकाहून अधिक लग्नांसाठी समान न्यायाची कडक अट घातली आहे.

वर्गात सर्वांत जास्त हात ‘अ’ला वर होतात. ‘अ’ खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण मुस्लिमांत १.९ टक्के होतं, हिंदूंत १.३ टक्के. पण ‘तुमच्यातही आहे की’ म्हटल्याने लग्न आणि लोकसंख्या यांतला दुवा तसाच राहतो. ‘ब’ बोलणाऱ्यावर आहे, बोलण्यावर नाही. ‘ड’ खरं आहे, पण प्रश्न लोकसंख्येचा आहे. ‘क’ मात्र समोरच्याचा आधार मान्य करूनही निष्कर्ष खाली पाडतं. परीक्षेत तेच उत्तर, आणि चहाच्या टपरीवरही तेच.

याला जोड हवी असेल तर आणखी एक विधान घ्या. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये ती सुमारे २.४ वर आली. या काळात चार लग्नांची मुभा होती तशीच राहिली. ज्याला कारण म्हणता ते जागेवरून हललं नाही आणि परिणाम जवळजवळ निम्मा झाला, तर ते खरं कारण कसं?

इथे एक सावधगिरी लागते. दलील कमकुवत झाली म्हणून तिच्यातली प्रत्येक गोष्ट खोटी ठरत नाही. २००१ ते २०११ या दशकात मुस्लिम लोकसंख्या २४.६ टक्क्यांनी वाढली, हिंदू लोकसंख्या १६.८ टक्क्यांनी. हा आकडा नाकारू नका. वेग जास्त होता, दोन्हीकडे कमी होत चाललाय, आणि सांगितलेलं कारण चुकीचं आहे, एवढंच म्हणा. तेवढं पुरेसं आहे. खरा आकडा नाकारणाऱ्याचं पुढचं खरं बोलणंही कोणी ऐकत नाही.

इथवर सगळे माझ्याबरोबर असतात. पुढे मात्र चेहरे बदलतात, कारण पुढचे प्रश्न आपल्या घरातले आहेत.

पहिला : ‘भेदभाव होतोच, म्हणून यूपीएससीचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही.’ आधार म्हणून सच्चर समितीचं नाव घेतलं जातं. २००६ च्या त्या अहवालात आयएएसमध्ये मुस्लिम फक्त ३ टक्के आढळले, हे खरं. पण त्याच अहवालात असंही आहे की २००३ आणि २००४ मध्ये नागरी सेवेची लेखी परीक्षा देणाऱ्यांत मुस्लिम अवघे ४.९ टक्के होते, आणि परीक्षेला बसलेल्यांच्या यशाचं प्रमाण इतरांइतकंच होतं. या एका विधानाने ‘अर्थ नाही’ हा निष्कर्ष कोसळतो. भेदभाव नाही, असं यातून सिद्ध होत नाही. प्रश्न मागे सरकतो : परीक्षेच्या दारापर्यंत आपली मुलंमुली इतकी कमी का पोहोचतात? शाळा कुठे सुटते, मुलीचं कॉलेज कोण बंद करतं, वस्तीत सरकारी माध्यमिक शाळा का नाही? ही भांडणं सरकारशीही आहेत आणि घरातल्या मोठ्यांशीही.

दुसरा : ‘आपल्यात तलाकचं प्रमाण कमी आहे, म्हणून सुधारणेची गरज नाही.’ यातला न बोललेला दुवा असा की अन्याय मोठ्या संख्येने झाला तरच दाद मागायची. मग दर शंभर लग्नांत हुंडाबळी किती, हे मोजून हुंडाविरोधी कायदा रद्द करायचा का? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. सातच. त्यांची मागणी संख्येवर उभी नव्हती, न्यायावर होती. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला, तोही मुस्लिम स्त्रियाच दाद मागत दारात उभ्या राहिल्या म्हणून. २०१९ च्या कायद्यातल्या तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासावर टीका करायची तर खुशाल करा. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा रास्त सवाल आहे. पण ती टीका ‘प्रमाण कमी आहे’ या खांबावर उभी राहत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘बाहेरून इतके हल्ले होत असताना आपल्याच दलिली कशाला पोखरायच्या? ही वेळ नाही.’ या आक्षेपालाही तोच प्रश्न लावा. यातलं गृहीतक असं की कच्ची दलील आपलं रक्षण करते. करते का? टीव्हीवरच्या चर्चेत, न्यायालयात, कॉलेजच्या कँटीनमध्ये समोरचा आपली सर्वांत कच्ची दलील आधी उचलतो, आणि तिच्याबरोबर आपली खरी तक्रारही फेकून देतो. नावामुळे भाड्याने घर नाकारलं गेलं, हे दुःख खरं असतं. त्याला ‘म्हणून आपल्या हातात काहीच नाही’ची शेपटी जोडली की ऐकणारा शेपटीवरच बोलत बसतो. आणि ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना विचारा, दलवाईंच्या काळी तरी वेळ होती का? तेव्हाही हेच उत्तर मिळत होतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मोबाइलवर आलेला पुढचा मेसेज पुढे ढकलण्याआधी वहीत तीन ओळी लिहा : आधार काय, निष्कर्ष काय, मधला दुवा कोणता. मग स्वतःला विचारा, काय खरं निघालं तर हा दुवा तुटेल? ज्या मेसेजने राग येतो त्याच्यावर ही कसरत सगळेच करतात. तुम्ही सुरुवात वाचताक्षणी पटलेल्या मेसेजपासून करा.