विरुद्धार्थी शब्द : ‘आणि’ की ‘किंवा’?



चौथीच्या वर्गात विरुद्धार्थी शब्द घेत होते. दिवस × रात्र, गरम × थंड, चढ × उतार. मुलं भराभर सांगत होती. मध्येच एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, हुशार × मी!” वर्ग हसला. तोही हसला. मला मात्र फळ्यावर पुढचा शब्द लिहवेना, कारण ते वाक्य त्याचं नव्हतं. आदल्याच आठवड्यात पालकसभेत त्याच्या आईने त्याच्यासमोरच मला सांगितलं होतं, “मोठा हुशार आहे हो मॅडम, हाच त्याच्या उलटा निघालाय.”

त्या दिवसापासून ही फुली माझ्या डोक्यात बसली आहे. गणिताच्या तासाला फुली म्हणजे गुणाकार, आणि भाषेच्या तासाला तीच फुली म्हणजे ‘याच्या विरोधात तो’. आपण जोड्या लावायला देतो, मुलं लावतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पानावर जातो. दोन शब्दांमध्ये नक्की कसलं नातं आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

प्राचीन चिनी विचारात ‘यिन’ आणि ‘यांग’ अशी जोडी आहे. मूळ अर्थ अगदी साधा. डोंगराची सावलीकडची बाजू म्हणजे यिन, उन्हाकडची बाजू म्हणजे यांग. डोंगर एकच! सकाळी जिथे ऊन असतं तिथे दुपारनंतर सावली येते. पांडवलेण्यांचा डोंगर रोज बघणाऱ्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. त्या काळ्या-पांढऱ्या वर्तुळाच्या चिन्हातही काळ्या भागात एक पांढरा ठिपका आणि पांढऱ्यात एक काळा ठिपका असतो. (मुलांना दक्षिण कोरियाचा झेंडा दाखवा. मधलं लाल-निळं वर्तुळ ते लगेच ओळखतात.) लाओ त्झू यांच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा 81 छोट्या प्रकरणांचा ग्रंथ. त्यात मातीच्या भांड्याचं उदाहरण आहे. भांडं घडतं मातीचं, पण उपयोगी पडते ती आतली पोकळी. वर्गात माठ ठेवून हे दोन मिनिटांत कळतं.

आमच्या द्वारका चौकातल्या मुलांना तर त्याहून सोपं उदाहरण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथेच भेटतात. वाहतूक पोलीस एका बाजूला हात करून थांबवतो तेव्हाच दुसरी बाजू सुटते. मी मुलांना विचारलं, “थांबणं वाईट आणि जाणं चांगलं का?” एक मुलगी म्हणाली, “कुणीच थांबलं नाही तर कुणीच जाणार नाही.” शाळा सुटायच्या वेळी कधी इथे येऊन बघा, तिचं म्हणणं रोज खरं ठरताना दिसेल.

पण यासाठी चीनपर्यंत जायलाच हवं असंही नाही. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’ची सुरुवातच शिव आणि शक्ती यांच्या जोडीने होते. दोघं एकमेकांशिवाय अपुरे, इतके की एकाला पाहू गेलं तर दुसराच दिसावा. आपण दोन डोळ्यांनी पाहतो, पण दिसतं ते एकच, अशा धर्तीचे दाखले ते देत जातात. त्यांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तीनाथ, त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरला. ताओ आणि ज्ञानदेव एकच सांगतात असं मात्र मी म्हणणार नाही. चिनी विचारात दोन्ही बाजू एकमेकींत फिरत राहतात, ज्ञानदेव पुढे जाऊन दोनपणच पुसून टाकतात. ‘पौर्वात्य तत्त्वज्ञान’ असं एकच लेबल लावून सगळं एका पोत्यात भरायची घाई मला आवडत नाही.

आणि इथेच मला एक भीती वाटते. संतुलन, समन्वय, दोन्ही बाजू हव्यात, हे शब्द फार गोड आहेत. त्यांचा वापर एखाद्याला गप्प बसवायलाही होतो. पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आत असलेले आणि बाहेर अडवलेले ही काही यिन-यांगची जोडी नव्हे. तिथे तोल साधायचा नसतो, बाजू घ्यायची असते. बुद्धांचा मध्यम मार्गसुद्धा चैन आणि देहदंड यांच्या मधला आहे, न्याय आणि अन्याय यांच्या मधला नाही.

मग मुलांना हा फरक सांगायचा कसा? उत्तर मराठी व्याकरणातच सापडलं, तेही डी.एड.ला असताना पाठ केलेलं! द्वंद्व समास. ‘नेआण’चा विग्रह ने आणि आण, ‘दक्षिणोत्तर’चा दक्षिण आणि उत्तर, हा झाला इतरेतर द्वंद्व. ‘न्यायान्याय’चा विग्रह न्याय किंवा अन्याय, ‘खरेखोटे’चा खरे किंवा खोटे, हा वैकल्पिक द्वंद्व. आपल्या भाषेने ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. आपण ती फक्त परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतो.

चौथीच्या मुलांना समासाचं नाव सांगायची गरज नाही. मी फळ्यावर दोन रकाने केले, ‘आणि’ व ‘किंवा’, आणि फुली पुसून टाकली. ऊन-सावली ‘आणि’मध्ये गेली. खरं-खोटं ‘किंवा’मध्ये. हसणं-रडणं यावर थोडा वाद झाला, मग तेही ‘आणि’त. ‘हुशार-मठ्ठ’ मी मुद्दाम घेतला. तोच मुलगा पुढे आला, खडू घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, चित्रकलेच्या तासाला का गणिताच्या?”

त्याच्या आईला पुढच्या पालकसभेत हे सांगणार आहे. ‘भांडण-मैत्री’ कुठे लिहायचं यावर वर्गाचं अजून एकमत झालेलं नाही. ते दोन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात तसेच आहेत.