बोली दीड कोटीची!

लातूर-नांदेडकडच्या दोस्तांनो, तुळजापूर म्हटलं की तुम्हाला भवानीमातेचं देऊळ आठवणार. पण वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकरही तिथलाच, बरं का!

फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतानं अँटिग्वात इंग्लंडला हरवून १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. राजवर्धन त्या संघात होता. आठच दिवसांत आयपीएलचा लिलाव झाला. त्याची मूळ किंमत ३० लाख. चेन्नईनं मोजले दीड कोटी! लिलावातली बोली केलेल्या कामाची कमी आणि पुढच्या अंदाजाची जास्त असते.

आणि मग? २०२२ च्या अख्ख्या मोसमात एकही सामना नाही! नेटमध्ये घाम गाळायचा आणि सामना बाहेर बसून बघायचा. हे मार खाण्यापेक्षा अवघड, असं आम्हाला वाटतं.

३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध संधी आली. ३६ धावांत ३ बळी! सामना मात्र चेन्नई हरली. त्या मोसमात त्याला एकूण दोनच सामने मिळाले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला लखनौनं घेतलं. कितीला? पुन्हा ३० लाखांना.

आईबाबा, दीड कोटीची बातमी मुलांना कौतुकानं वाचून दाखवली होतीत ना? मग हीसुद्धा दाखवा.