घरी मागे कोण आहे?

ॲडमिशनच्या फॉर्मवर आपण सगळं विचारतो. वय, पत्ता, आधार, ॲलर्जी, विम्याची पॉलिसी, बिल कोण भरणार. घरी मागे कोण आहे, हे मात्र विचारत नाही. मिरजेत वॉर्डात सिस्टर होते तेव्हापासून मी म्हणत आलेय की एवढी एक ओळ छापा.

पेशंट डॉक्टरांचं न ऐकता सही करून निघाला की पैशाची अडचण असणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कवठेमहांकाळकडच्या एक मावशी पित्ताशयाचं ऑपरेशन टाकून निघाल्या त्या म्हशीपायी. ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हती, आणि धारा चुकल्या की कास सुजते. डॉक्टरांनी समजावलं, मुलगा ओरडला, उपयोग शून्य. शेवटी आमच्या आयाबाईंनी शक्कल काढली. मावशींच्या अंगावरचं लुगडं घरी पाठवलं, ते नेसून जाऊबाई धारेला बसल्या. संध्याकाळी फोन आला, म्हशीनं पान्हा सोडला. मावशी मुकाट्यानं ऑपरेशनला तयार!

शहरात गोठा नसतो, लॅच असतं. एकटे राहणारे एक आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी घाईनं ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, दार ओढलं, मांजर आत. आजोबा रात्रभर ‘मनी, मनी’ करत उठू पाहत होते, आणि केसपेपरवर शेरा पडला ‘कन्फ्युज्ड’. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढते, ते दगावूही शकतं. आजोबा अगदी भानावर होते.

वस्तूंचंही तेच. मंगळसूत्र, नथ, बांगड्या उतरवताना सगळे सावध असतात, नातेवाइकाची सही घेतात. हरवते ती कवळी, कागदात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवलेली. कानाचं यंत्र चादरीबरोबर धुलाईला जातं. मग पेशंट जेवत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, अशी तक्रार आपणच करतो.

इंग्लंडमध्ये 2014च्या केअर ॲक्टचं 47वं कलम आहे. माणूस रुग्णालयात किंवा कौन्सिलच्या व्यवस्थेनं केअर होममध्ये गेला, मागे बघणारं कोणी नसलं आणि सामानाला धोका दिसला, तर ते सांभाळण्याची वाजवी व्यवस्था स्थानिक कौन्सिलनं करायची. पाळीव प्राणीही त्यात धरतात. खर्च त्या माणसाकडून वसूल करता येतो, म्हणजे हा दानधर्म नव्हे. आपल्या 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 22वं कलमही राज्य सरकारला ज्येष्ठांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचा आराखडा करायला सांगतं. त्यात रुग्णालयाच्या दारातला हा प्रश्न घाला की. जनावराला उपाशी सोडून देणं 1960च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये. पण खाटेवर जखडलेल्या माणसाला दंडाचा धाक घालून काय साधणार?

‘सिस्टर, आम्ही दवाखाना चालवतो, गोठा नाही,’ असं एका व्यवस्थापकांनी मला ऐकवलं होतं. गोठा नकोच आहे. किल्ली कोणाकडे, जनावर आहे का, त्याला कोण बघणार आणि त्या माणसाचा फोन, एवढं लिहून घ्या. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, खासगीत पीआरओ असतो. त्यांनी त्याच दिवशी तो फोन लावावा. आणि कवळीसाठी झाकणाची, नाव लिहिलेली डबी द्या. बिलात लावा हवं तर.