रानात डोळे मिटून कोण बसतं?

परवा पुण्याच्या वहिनींनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवला. निसर्गाशी पुन्हा नातं जोडायचंय? झाडाखाली बसा, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या... वगैरे. मी तो सिंदेवाहीकडच्या आत्याला दाखवला. ती हसतच सुटली. "रानात डोरे मिटून कोन बसते बापू?"

तेव्हा मीही हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आमच्याकडे मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं गळतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी घरांचं मीठमिरची त्यावर चालतं. आणि वाकून काम करणारा माणूस वाघाला सावजासारखा दिसतो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. ताडोब्यात पर्यटक वाघ दिसावा म्हणून कान टवकारतात, बाहेर माझी आत्या तो दिसू नये म्हणून!

लहानपणी तिच्याबरोबर मोह वेचायला जायचो. झाडाखाली पोचलं की आधी नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही. वानर खाकरलं का? चितळ ओरडलं का? पाखरं एकदम गप्प झाली का? मगच टोपली खाली. मधूनमधून पाठ सरळ करून पुन्हा कानोसा. याला कुणी ध्यान म्हटलं नाही. आणि हे येत असूनही माणसं जातातच, म्हणून जंगलाला नुसतं 'मनःशांतीचं ठिकाण' म्हणणं मला जड जातं.

वहिनींचं अगदीच चूक नाही. थांबायला हवंच. पण मला वाटतं, लक्ष आत नाही, बाहेर द्यावं. मी सध्या रोज संध्याकाळी मोबाइल खाली ठेवून दहा मिनिटं गच्चीवर उभा राहतो. वारा कुठला, ते वीज केंद्राच्या धुराड्यांवरून बघतो. समोरच्या कडुनिंबावर कोण आलं, कोण आलं नाही, ते मोजतो. बस्स, एवढंच. पहिल्या आठवड्यात फक्त गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. आता त्यातून पिंगळा वेगळा ओळखू येतो.

असो. वहिनी, रागावू नका हं! उन्हाळ्यात या, आत्या गावाजवळच्या मोहाखाली नेईल.

आणि बाकीच्यांनो, आज तुमच्या खिडकीबाहेर कोण ओरडत होतं, सांगता येईल?