पंधरातले आठ

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रांत थोरल्या भावाला जागा मिळते ती दोन-चार वाक्यांची. १८७९ साली वडील वारले. गोविंदराव अठरा वर्षांचे, गोपाळ तेरा वर्षांचा. दोघेही कोल्हापुरात शिकत होते. गोविंदरावांनी शिक्षण सोडलं, कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळला पाठवले. एवढं सांगून चरित्रकार धाकट्यामागोमाग एल्फिन्स्टन कॉलेजात जातो.

त्या आठ रुपयांपाशी थांबायला हवं. पंधरातले आठ म्हणजे निम्म्याहून जास्त. उरलेल्या सातांत बाकी सगळं. पुढे गोपाळ मॅट्रिक झाला आणि आता नोकरी धरतो म्हणाला, तेव्हा थोरल्याने ऐकलं नाही. वहिनीने अंगावरचे दागिने पुढे केले. पण गोविंदरावही विद्यार्थीच होते. त्यांना काय शिकायचं होतं, हे विचारायची वेळच आली नाही. ते वयाने मोठे होते, म्हणून शाळा त्यांची सुटली. (घरात चार बहिणीही होत्या. त्यांच्या शाळेचा तर विषयच नव्हता.)

याला आपण त्याग म्हणतो. त्याग करणाऱ्यापुढे दुसरी वाट असावी लागते. गोविंदरावांपुढे ती नव्हती.

अकोला-अमरावतीकडच्या कोरडवाहू गावांत आजही घरोघरी हाच हिशेब चालतो. थोरला बारावी करून वावरात उतरतो. सोयाबीनचे, तुरीचे पैसे हाती आले की आधी पुण्याला जातात: धाकट्याच्या खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी. पीककर्ज थोरल्याच्या डोक्यावर. धाकट्याचा निकाल लागला की सत्कार होतो. भाषणात भावाचा उल्लेखही होतो. पण तो शिकला असता तर काय झाला असता, हे कुणी बोलत नाही.

पंजाबराव देशमुखांनी या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. विलायतेहून परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. शेतकऱ्याच्या मुलाची राहण्या-जेवणाची सोय समाजाने केली, तर एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचं मोडावं लागत नाही. वसतिगृहाचं खरं मोल मला इथे दिसतं.

त्यांच्याच नावाने राज्य शासनाने २०१६ मध्ये वसतिगृह निर्वाह भत्ता सुरू केला. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी. तेव्हा मोठ्या शहरांत ठरले महिना ३,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. पुण्यात एवढ्यात झोपायला कॉट मिळेल. जेवणाचं काय? उरलेले दोन महिने काय? तो फरक गावाकडचा थोरला भरतो. आठ रुपये अजून संपलेले नाहीत.

भत्ता शहरातल्या खऱ्या खर्चाशी बांधा. बारा महिने द्या. ठरल्या तारखेला द्या. आणि घरासाठी शाळा सोडलेला थोरला तिशीत पुन्हा कॉलेजात यायचं म्हणाला, तर भत्ता त्यालाही मिळाला पाहिजे. मधे पडलेल्या वर्षांचा जाब त्याच्याकडे मागू नका.