नरसिंह रावांचा चार्ज

ग्रामसेवकाची बदली झाली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. नव्या माणसाच्या हाती किल्ल्या पडण्याआधी चार्ज यादी होते. कीर्दीत शिल्लक किती, घरपट्टीची येणे बाकी किती, नळयोजनेचा पंप चालू की बंद, सगळे लिहून दोघांच्या सह्या होतात. नारळ आणि हार नंतर. देशाच्या पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण उलटा कारभार करतो. आधी हार घालतो, नाहीतर आधी शिव्या घालतो, आणि दप्तर उघडायचं राहूनच जातं.

पी. व्ही. नरसिंह राव १६ मे १९९६ रोजी पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. त्या निवडणुकीत काँग्रेस १४० जागांवर आली होती. पुढे त्यांच्याच पक्षाला त्यांचे नाव घेणे जड जाऊ लागले. २००४ मध्ये ते वारले. वीस वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, चौधरी चरणसिंग आणि डॉ. स्वामिनाथन यांच्याबरोबर त्यांना 'भारतरत्न' जाहीर झाले. देशाची दारे उघडणारा माणूस म्हणून त्यांचा गौरव झाला. त्या दिवशी आपला कांदा मात्र निर्यातबंदीत अडकून पडला होता. ८ डिसेंबर २०२३ ला घातलेली ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. दारे उघडली खरी, पण कुणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. म्हणून हे जुने दप्तर काढले.

राव आपल्याला परके नव्हेत. १९८४ आणि १९८९ असे दोनदा ते रामटेकचे खासदार होते. मराठी त्यांना उत्तम येई. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. म्हणजे आपल्या भाषेतली गाऱ्हाणी त्यांना दुभाष्याशिवाय कळत होती, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

आधी आरंभीची शिल्लक. जून १९९१ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा तिजोरीतले परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. आधीच्या सरकारच्या काळात सोने बाहेर गेलेच होते. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने गहाण टाकले. घरातले डाग सावकाराकडे गेले की घराची काय कळा होते, ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा उतरवली. २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आले आणि त्याच दिवशी मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प. बहुतेक कारखान्यांना लागणारा सरकारी परवाना रद्द झाला. पाच वर्षांनी राव गेले तेव्हा परकीय चलन २० अब्ज डॉलरच्या आसपास होते आणि देशाचे उत्पन्न वर्षाला सात टक्क्यांनी वाढत होते. ही जमेची बाजू खणखणीत आहे. ती नाकारणारा एकतर १९९१ विसरला असेल, नाहीतर त्याला हिशेब नको असेल.

आता शेतीचे पान उलटू. त्याच अर्थसंकल्पाने खतांच्या किमती एकदम ४० टक्क्यांनी वाढवल्या. ओरड झाली तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि अल्प व अत्यल्पभूधारकांना वगळले. एकाच दुकानात एकाच पोत्याचे दोन भाव राबवायचे म्हणजे काय असतं, हे तलाठी आणि सोसायटीच्या सचिवांना विचारा. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचे नियंत्रणच काढून टाकले. ती महागली. युरिया मात्र सरकारने हातात ठेवला आणि वर तो १० टक्क्यांनी स्वस्त केला. शेतकऱ्याने काय करावे? जे परवडते ते टाकले. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे देशातले प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. आज माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन आपण ज्या असमतोलाबद्दल बोलतो, त्याची एक मोठी नोंद त्या वर्षाची आहे. मोकळीक द्यायची तर सगळ्याच खतांना द्यायची, नाहीतर कुणालाच नाही. अर्धे दार उघडून वारा येत नाही, धूळ तेवढी येते.

भावाचे काय? भाताचा आधारभाव १९९१-९२ मध्ये क्विंटलला २३० रुपये होता, १९९५-९६ मध्ये ३६० झाला. चार वर्षांत शेकडा ५६ वाढला, ऐकायला बरं वाटतं. पण महागाईही वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास चालली होती. ती वजा करा आणि हातात काय उरलं ते बघा. १९९२ मध्ये तर आपल्या शेतकऱ्याला दिला त्यापेक्षा महाग पडणारा गहू सरकारने परदेशातून आणला. बाहेरच्याला जास्त देऊ, घरच्याला नाही, असा तो व्यवहार.

नाही म्हणायला शेतीलाही काही सुटले. बासमतीखेरीजच्या तांदळाची निर्यात १९९४ मध्ये मोकळी झाली आणि १९९५-९६ मध्ये ४० लाख टनांहून अधिक तांदूळ देशाबाहेर गेला. एप्रिल १९९४ मध्ये सरकारने मराकेशला गॅट करारावर सही केली. डंकेल प्रस्तावावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! कर्नाटकात नंजुंडस्वामी विरोधात, इकडे शरद जोशी बाजूने, आणि गावोगावच्या पारावर दोन तट. त्या करारापोटी भारत सरकारने जे कागद दिले, त्यांत आपल्या शेतमालाला मिळणारे भावाचे साहाय्य उणे असल्याची कबुली होती. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून काढून घेत होते. शेतकरी आंदोलन वर्षानुवर्षे हेच ओरडत होते. सरकारने ते परदेशात लिहून दिले, इथे मात्र त्यावरून काही बदलले नाही.

जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा तसाच राहिला. साखरेवरची लेव्ही राहिली, साखर कारखान्याचा परवाना १९९८ पर्यंत राहिला. मुंबईतल्या कारखानदाराला दिल्लीचा हेलपाटा चुकला, पण विदर्भातल्या शेतकऱ्याला आपला कापूस सीमेपलीकडे विकायची मुभा नव्हती. ती कापूस एकाधिकार योजना राज्याची, १९७२ पासूनची. तिचे खापर रावांवर फोडणे बरोबर नाही. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदलले, त्यांनीही ती ठेवलीच. पण जो पंतप्रधान देशाला परवानामुक्तीचे महत्त्व पटवत होता, त्याने शेतकऱ्याच्या बेड्यांबद्दल एवढं गप्प का राहावं?

बेड्यांवरून आठवले. स्वातंत्र्याचे पान शेतकऱ्याने का वाचावे, असे कुणी म्हणेल. टाडाखाली सगळेच पकडलेले अतिरेकी नव्हते, म्हणून वाचावे. हा कायदा रावांनी आणला नाही. तो १९८५ चा, १९८७ मध्ये पुन्हा केलेला. पण मे १९९३ मध्ये त्याला आणखी दोन वर्षांची मुदत त्यांच्याच सरकारने दिली. पोलीस अधीक्षकासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून धरायची आणि जामीन जवळजवळ नाहीच, असे त्याचे रूप. संजय दत्त यांना मुंबईत अटक झाली तेव्हा टाडा हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचला. पण पंजाबापासून दूर, जिथे अतिरेक्यांचा मागमूस नव्हता अशा गुजरातेतही पकडलेल्यांचा आकडा हजारांच्या घरात होता, आणि त्यांत आंदोलन करणारी माणसे होती. देशभरात ७५ हजारांवर लोक पकडले गेले. शिक्षा झाली शेकड्यात दोघांनाही नाही. रास्ता रोकोला बसणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा नीट वाचावा.

एक गंमत बघा, अर्थात कडूच. कल्पनाथ राय हे रावांच्याच सरकारात अन्नमंत्री. साखर आयातीच्या घोळावरून डिसेंबर १९९४ मध्ये त्यांना जावे लागले. पुढे तेच टाडाखाली आत गेले, शिक्षाही झाली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ज्या सरकारने कायदा चालू ठेवला त्याच सरकारच्या मंत्र्याला त्याची चव कळली. त्यांच्याकडे मोठे वकील होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचं काय झालं असेल?

टाडा २३ मे १९९५ रोजी संपला, तो मुदत न वाढवल्यामुळे. ते श्रेय रावांना काही अंशी द्यावे लागेल. मानवी हक्क आयोगही १९९३ मध्ये त्यांच्याच काळात आला, आणि त्याच आयोगाचे अध्यक्ष रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून या कायद्याला मुदत देऊ नका, असे कळवले होते. आपणच नेमलेल्या माणसाने कान धरला आणि सरकारने ऐकले, असे दरबारात फार वेळा घडत नाही.

पंजाबचे खाते अवघड आहे. अतिरेकी चळवळ रावांच्या काळात मोडली. जानेवारी १९९३ मध्ये तिथे ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या तेव्हा ८० टक्क्यांवर मतदान झाले. माणसे भीती टाकून बाहेर पडली. ही जमा. आणि खर्च? जसवंतसिंग खालरा नावाच्या कार्यकर्त्याने अमृतसरच्या स्मशानांतल्या नोंदवह्या आणि लाकडांचे हिशेब तपासले. बेवारस म्हणून जाळलेली प्रेते त्याने मोजली. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याला घरातून उचलले, तो परत आला नाही. २००५ मध्ये त्या गुन्ह्यात पोलिसांना शिक्षा झाली. सीबीआयने नंतर तपास करून अशा २,०९७ अंत्यसंस्कारांची नोंद केली. दप्तर सांभाळणाऱ्या मंडळींनो, लाकडाच्या पावत्यांनी एवढं सगळं उघडं पडलं, हे लक्षात घ्या.

६ डिसेंबर १९९२ बद्दल फार लिहायची गरज नाही. बाबरी पडताना केंद्र सरकार बघत राहिले. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत एकट्या मुंबईत ९०० माणसे मेली, आणि गाडीला लटकून गावाकडे परतलेले लोक आपण स्टँडवर पाहिले आहेत. घरात जिवंत राहायचा हक्क हा पहिला हक्क. तो त्या दिवसांत रावांना राखता आला नाही.

आणि त्याच डिसेंबरात, बाबरी पडल्यावर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत, संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, बायकांना एक तृतीयांश जागा, २९ विषयांची यादी. कल्पना राजीव गांधींची, पण तडीस नेली रावांनी. आज सरपंचाच्या खुर्चीवर बाई बसते, त्याला घटनेचा आधार इथे मिळाला. आमच्या मते रावांच्या दप्तरातली सर्वांत टिकाऊ नोंद हीच, सोन्यापेक्षाही. मात्र वर्षभरातच, डिसेंबर १९९३ मध्ये, खासदार निधी सुरू झाला. विषय गावाला आणि पैसा खासदाराच्या शिफारशीला, अशी ती वाटणी.

टाडा गेल्यावर २००२ मध्ये पोटा आला, २००४ मध्ये तो गेला. त्याच वर्षी युएपीए कायद्यात भर पडली, आणि २००८ मध्ये त्यातला जामीन आणखी अवघड केला गेला. कांद्याचे वर सांगितलेच. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीत निवडणूक वेळेवर घेण्याचे बंधन आहे, तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर त्या तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिल्या. ही बाकी रावांच्या नावे लिहायची, की त्यांच्यानंतर चार्ज घेणाऱ्या सगळ्यांच्या, हे तुम्ही ग्रामसभेत विचारा.