बत्ती डोक्यावर होती, बोर्ड हातात कधी येणार?

गेल्या महिन्यात भिलाईहून एका मुलीचा फोन आला. बारावी झालेली, घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. वडील लग्नाच्या मंडपात लाईटचं काम करतात. "दादा, मला नाटकात लायटिंग करायचंय. कोणती डिग्री घेऊ?" मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं, "घरचे म्हणतात, वायरच ओढायची तर कॉलेज कशाला?"

घरच्यांचा प्रश्न चुकीचा नाही. उजेड धरण्याचं काम आपल्या लोकांना नवं नाही. वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन कोण चालायचं, ते आठवा. आजही दिव्यांची झाडं डोक्यावर घेऊन वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बाया आणि पोरं कोणत्या वस्तीतून येतात, हे विचारावं लागत नाही. नवरदेव उजेडात आणि बत्तीवाला अंधारात, ही जुनी रचना आहे. मी ज्या नाट्यगृहांत काम केलं तिथेही ती दिसली. ट्रकमधून पेट्या उतरवणारा, शिडीवर चढून दिवे बांधणारा मुलगा आपला असतो. जाहिरातीत 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे छापलेलं नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. चार वर्षं मी त्या शिडीवर होतो, म्हणून हे सांगतो. शिडीवरून खाली उतरून बोर्डापाशी बसायचं असेल, तर पदवी लागते. प्रश्न फक्त कोणती, एवढाच आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. यातला अर्धा भाग विजेचा हिशोब आहे. १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतो. असे वीस दिवे एकदम लागले की आकडा ८७ च्या आसपास जातो. हा भार एका फेजवर टाकला तर काय होतं, हे मंडपवाल्याच्या मुलीला शिकवावं लागत नाही. हल्लीचे बोर्ड डीएमएक्सवर चालतात, एका जोडणीत ५१२ चॅनेल. हेही आपली पोरं हाताने काम करता करता शिकतात.

उरलेला अर्धा भाग म्हणजे संहिता वाचणं, कुठल्या कोनातून आणि कुठल्या रंगाचा प्रकाश आला की प्रेक्षकाला काय वाटेल ते ओळखणं, कागदावर दिव्यांचा आराखडा काढणं, आणि दिग्दर्शकासमोर बसून तो पटवून देणं. इथे आपल्याला बाहेर ठेवलं जातं. कोणी तोंडावर 'येऊ नको' म्हणत नाही. मीटिंगला बोलावत नाहीत, एवढंच. तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळसा खाणीत पाणी शिरून कामगार बुडतात तो प्रसंग उभा केला. मंचावर खाण बुडाली ती प्रकाशाच्या जोरावर. असं काही सुचायला दिव्याइतकंच नाटक कळावं लागतं.

आता माझी चूक सांगतो. बारावीनंतर मी एका खासगी अकादमीचा आठ महिन्यांचा कोर्स केला. फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली. कोर्सला कुठल्या विद्यापीठाची मान्यता नव्हती, म्हणून शिष्यवृत्ती नाही. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज भरायला गेलो तेव्हा कळलं की तिथे पदवी लागते. माझ्याकडे होतं फक्त एक रंगीत सर्टिफिकेट. मग शिडीवर काम करत बाहेरून बी.ए. केलं आणि नंतर एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात गेलो. या फेऱ्यात वयाची पाच वर्षं गेली. ज्यांच्या घरात आधी कोणीतरी कॉलेज पाहिलेलं असतं, त्यांना हे जेवणाच्या ताटावर फुकट कळतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिली पदवी मान्यताप्राप्त, शक्यतो सरकारी विद्यापीठाची घ्या. 'प्रकाशयोजना' असं नाव असलेली पदवी आपल्याकडे सहसा मिळत नाही. नाट्यशास्त्राची पदवी असते आणि प्रकाशयोजना त्यातला एक विषय असतो. भिलाईच्या मुलीला खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ फार लांब नाही. पुण्याचं ललित कला केंद्र, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला नाट्यविभाग, त्रिशूरचं कालिकत विद्यापीठाचं स्कूल ऑफ ड्रामा, हेही पर्याय आहेत. आधी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून मग हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात किंवा मुंबई विद्यापीठात नाटकाची पदव्युत्तर पदवी घेतली, तरी रस्ता चुकत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालय त्यानंतर. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, राखीव जागा आहेत आणि विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पण अर्जासाठी पदवीबरोबर नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो, तो कॉलेजात असतानाच गोळा करा.

विभाग निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रत्यक्ष जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. विचारा, विभागाचे किती दिवे चालू आहेत? वार्षिक नाटकाला बोर्डावर विद्यार्थी बसतात की बाहेरून माणूस बोलावतात? मुलींना शिडीवर चढू देतात का? प्रकाशयोजना शिकवायला कोणी कायम आहे का? हॉस्टेल आहे का? आणि सगळ्यात आधी हे विचारा, की हा अभ्यासक्रम मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बसतो का? अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. पैसे खात्यावर उशिरा येतात, तोपर्यंत फीसाठी तगादा लावतात का, हेही विचारून घ्या. असं विचारण्यात लाज नाही.

पोटाचं खोटं सांगणार नाही. यात पगार नसतो, प्रयोगावर पैसे मिळतात आणि पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड ज्यांनी केला आहे, त्यांना इव्हेंटचं, संग्रहालयाचं, स्टुडिओचं कामही मिळतं. आणि हातात नियमित पदवी असली की बी.एड.चा, स्पर्धा परीक्षेचा दरवाजा उघडा राहतो.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, आपल्या मुलांनी अधिकारी व्हावं, कला ही पोट भरलेल्यांची चैन. त्यांची काळजी मला समजते, माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. पण भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला, तेव्हा लोकांसमोर काय आणायचं हे आपणच ठरवत होतो. आज आपल्यावरची नाटकं इतर लोक करतात. पडदा उघडला की वस्ती ठरलेली असते. धुरकट, पिवळट, अर्धी अंधारात. मी लहानाचा मोठा झालो ते घर असं नव्हतं. आमच्याकडे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्यावर पांढरी ट्यूबलाईट. तिच्याखाली आम्ही तिघं भावंडं रात्री उशिरापर्यंत अभ्यास करायचो. त्या खोलीत लख्ख उजेड होता. एका नाटकाच्या तालमीत मी हे बोललो, तर दिग्दर्शक म्हणाले, "पांढऱ्या उजेडात दुःख दिसत नाही." तेव्हा मी शिडीवर होतो, म्हणून गप्प बसलो. आज त्या टेबलापाशी असतो तर ट्यूबलाईटच लावली असती.

भिलाईच्या मुलीला हे सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "पण दादा, पप्पांना काय सांगू?"

म्हटलं, काही सांगू नको. विभाग बघायला जाशील तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन जा. तिथल्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही, हे ते बघताक्षणी सांगतील. बाकीचं तू विचार.